टायमिंग बेल्ट तुटलेली जुनी गाडी: नवा बेल्ट टाकण्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

‘बेल्ट टाकून बघू, चालू झाली तर झाली.’ टायमिंग बेल्ट तुटलेली गाडी टोचन करून गॅरेजात आली की हे वाक्य हमखास कानावर पडतं. वाकलेल्या चार वॉलचं (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा) काम पिस्टनपर्यंत जातं, ते बहुतेकदा याच वाक्यामुळे. नवा बेल्ट ही शेवटची पायरी आहे. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत: बेल्ट का तुटला, आणि तुटल्यावर आत काय काय धडकलं.

धडकतं ते असं. टायमिंग बेल्ट खालच्या क्रँकला (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) वरच्या कॅमशी (वॉल उघडणारा दांडा) जोडतो. तो तुटताच कॅम जागीच थांबतो आणि त्या क्षणी जे वॉल उघडे असतील ते उघडेच राहतात. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरत राहतो, पिस्टन वर येतो आणि उघड्या वॉलवर आदळतो. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड (वॉल ज्यात बसतात तो सिलिंडरवरचा भाग) यांच्यात जागा जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिथे वॉल वाकलेत असंच धरून चाला. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन वॉलपर्यंत पोचत नाही. पण आपलं इंजिन त्यातलं आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून ठरवा, मित्राच्या अनुभवावरून नको.

मुळात गाडीला बेल्ट आहे की चेन, हेही आधी पाहा. सँट्रो झिंग, ८०० सीसीची अल्टो, अडीच लिटर डिझेल इनोव्हा, दीड लिटर डिझेल डस्टर, १.४ डिझेल फिगो, पोलोची टीडीआय ही बेल्टवाली इंजिनं. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन असते. तिथे बिघाडाची तऱ्हा वेगळी, हा लेख तिला लागू नाही.

१. रस्त्यावर: सेल्फ पुन्हा मारू नका

चालती गाडी झटका न देता एकदम बंद पडली आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, जलद, एकसुरी फिरला, तर तिथेच थांबा. कॉम्प्रेशन असलेलं इंजिन सेल्फवर ‘घर्र-घर्र-घर्र’ असं तालात फिरतं. तो ताल गेला म्हणजे वॉल बंद होत नाहीयेत. आता प्रत्येक सेल्फगणिक पिस्टन वाकलेल्या वॉलवर पुन्हा आदळतो. वाकलेल्या वॉलचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं की हेडचं काम संपतं आणि इंजिनाचं सुरू होतं.

कात्रज किंवा खंबाटकी घाट उतरताना गिअरमध्ये असताना बेल्ट तुटला तर लगेच क्लच दाबा आणि गाडी न्यूट्रलला आणा. गिअरमध्ये राहिलं तर चाकंच क्रँक फिरवत राहतात. इंजिन बंद झाल्यावर पहिल्या दोन-तीन दाबांनंतर ब्रेक पेडल कडक होतं, स्टिअरिंगही जड होतं. त्यामुळे ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या.

इशारा: धक्कास्टार्ट अजिबात नको. टोचन करताना गिअर न्यूट्रलला. ऑटोमॅटिक गाडी चारही चाकं वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरच न्या.

२. पाना हातात घेण्याआधीची माहिती

पुढच्या निदानाचा अर्धा भाग या उत्तरांत असतो, म्हणून ती लिहून ठेवा.

बेल्ट कोणत्या वेगात तुटला? सुरू करताना किंवा आयडलला तुटला तर नुकसान थोडक्यात आटोपलेलं असू शकतं. एक्स्प्रेस-वेवर शंभरच्या वेगात तुटला असेल तर कनेक्टिंग रॉडही संशयितांच्या यादीत घ्या.

त्यानंतर किती वेळा सेल्फ मारला गेला? खरं उत्तर मिळवा. ड्रायव्हर, शेजारी, टोचनवाला, सगळ्यांनी एकेकदा ‘बघतो’ म्हणून मारलेला असतो.

बेल्ट शेवटचा कधी बदलला? जुन्या गाडीत ‘मागच्या मालकाने बदललाय’ या वाक्याला किंमत शून्य. बिल हवं, त्यावर तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर हवा. बिलात फक्त बेल्ट असेल आणि टेन्शनर-आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुल्या) नसतील, तर कारण तिथेच सापडण्याची शक्यता मोठी. इनोव्हाच्या मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा असतो, पण तो रीसेट करता येतो, म्हणून दिवा बंद असणं हा पुरावा नाही. किलोमीटरवरही फार विसंबू नका. हिंजवडीच्या कोंडीत रोज तासभर उभी राहणाऱ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, बेल्ट मात्र फिरतच असतो.

साधनं: १० मि.मी. सॉकेटसह नेहमीचा सेट, क्रँक बोल्टच्या मापाचं सॉकेट आणि लांब रॅचेट, टॉर्क पाना, फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज (पेट्रोल आणि डिझेलचे वेगळे), प्लगच्या भोकात बसणारा हवेचा अडॅप्टर, रेग्युलेटर असलेला कॉम्प्रेसर, मोबाइलला जोडायचा बोअरस्कोप कॅमेरा आणि त्या इंजिनाच्या टायमिंग लॉक पिना (कॅम आणि क्रँक ठरलेल्या जागी अडकवणाऱ्या). पिना नसतील तर निदान करता येईल, जोडणी करू नका.

३. बेल्टच गेलाय याची खात्री

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढण्याआधी इग्निशन फक्त ऑन करून स्कॅनर लावा. कॅम सेन्सरचा पी०३४० किंवा क्रँक-कॅम जुळत नसल्याचा पी००१६ कोड नोंदलेला असू शकतो. कोड नसला तरी पुढची तपासणी चुकत नाही.

बॅटरी सोडवा आणि बेल्टचं वरचं कव्हर काढा. बेल्ट गायब किंवा लोंबकळत असेल तर प्रश्नच मिटला. फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी: वरून बेल्ट अखंड आणि ताणलेला दिसतो, पण खाली क्रँकच्या दात्यांवर बेल्टचे सात-आठ दाते सोलून निघालेले असतात. म्हणून प्लग काढा (डिझेलला निदान एक ग्लो प्लग), क्रँक बोल्टला पाना लावून इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने अगदी सावकाश थोडासा फिरवा आणि दुसऱ्या माणसाला कॅमच्या पुलीवर नजर ठेवायला सांगा. क्रँक हलला आणि कॅम हलला नाही, तर निकाल लागला.

तपासणी: पाना कुठे अडला तर जोर लावू नका. अडतो तिथे पिस्टन वॉलला टेकलेला असतो. थोडं उलट फिरवून मोकळं करा.

४. तुटलेला बेल्ट वाचा

बेल्टचे तुकडे कचऱ्यात टाकू नका. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते, आणि महिनाभरात तीच गाडी त्याच गॅरेजात परत येते.

- एका सलग पट्ट्यातले दाते सोललेत: काहीतरी जाम झालं होतं. वॉटर पंप, डिझेलचा हाय-प्रेशर पंप आणि कॅम हाताने फिरवून पाहा (कॅम मात्र पायरी ५ झाल्यावरच).
- कडा विसविशीत, धागे सुटलेले: टेन्शनर किंवा आयडलर वाकडा बसलाय, किंवा त्याचं बेअरिंग खेळतंय.
- बेल्ट तेलकट, रबर फुगलेलं: कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय. सील न बदलता टाकलेला नवा बेल्टही तसाच जाणार.
- कूलंटचे वाळलेले डाग: वॉटर पंप.
- पाठीवर बारीक आडव्या भेगा, दाते शाबूत: वय झालं होतं.
- सरळ, कापल्यासारखा तुटलेला: आत काहीतरी शिरलं, किंवा बसवतानाच बेल्ट दुमडला गेला होता.

टेन्शनर आणि आयडलर बोटाने फिरवा. खरखर, आवाज किंवा जळून निळसर झालेलं पोलाद दिसलं की गुन्हेगार तोच. पायरी ५ नंतर कॅम हाताने फिरवताना वॉल-स्प्रिंगचा झटका जाणवतो, तो साहजिक आहे. पण मध्येच खरवडल्यासारखा अडत असेल तर कॅमच्या बेअरिंगांना तेल पोचत नव्हतं. मग ऑइल पंप आणि खालची जाळीही तपासावी लागेल.

५. पिस्टन सुरक्षित जागी आणा

कॅम फिरवण्याआधी हे करणं सक्तीचं. नाहीतर निदान करतानाच आणखी वॉल वाकवाल.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक टॉप डेड सेंटरपासून (पहिला पिस्टन सर्वात वर असण्याची जागा) ९० अंशांवर आणला की चारही पिस्टन मध्यावर येतात. आता कॅम कुठेही फिरवा, वॉल पिस्टनला लागत नाही. तीन सिलिंडरमध्ये सगळे पिस्टन एकदम मध्यावर येऊच शकत नाहीत. तिथे एक पिस्टन तळाशी आणि उरलेले दोन टॉपपासून ६० अंशांवर, ही सर्वात मोकळी जागा. पिस्टनची उंची पाहायला प्लगच्या भोकातून लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकची नळी सोडा. स्क्रू ड्रायव्हर सोडू नका, तिरका होऊन अडकतो.

इशारा: दोन कॅमच्या काही इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्टचे वॉल एकमेकांना लागू शकतात. तिथे दोन्ही कॅम मनाला येईल तसे फिरवू नका, मॅन्युअलमधला क्रम पाळा.

६. हेड न उतरवता तीन तपासण्या

हेड उतरवणं म्हणजे गॅस्केट, बोल्ट, कूलंट आणि दोन दिवस. त्याआधी या तीन तपासण्या तासा-दोन तासांत होतात.

*टॅपेट गॅप.* टॅपेट म्हणजे कॅम आणि वॉल यांच्यामधला भाग. वाकलेला वॉल सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या कड्यावर) पूर्ण परत येत नाही, किंचित खाली लटकलेला राहतो. म्हणून कॅमचा गोल भाग टॅपेटवर आणला की तिथे नेहमीपेक्षा मोठी फट दिसते. थंड इंजिनात स्क्रू किंवा शिमवाल्या टॅपेटची फट साधारण ०.१५ ते ०.४० मि.मी. असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. जिथे एक मि.मी.ची पत्तीही सैल फिरते तो वॉल वाकलाय. हायड्रॉलिक टॅपेट ही फट स्वतःच भरून काढतात, त्यामुळे तिथे या तपासणीवर भरवसा ठेवू नका. काही डिझेल इंजिनांत रॉकर आधी तुटून वॉलला वाचवतात. म्हणून व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर प्रत्येक रॉकर हाताने हलवून पाहा.

*हवेची तपासणी.* सगळ्यात खात्रीची, आणि नवा बेल्ट न लावता होते. पिस्टन वर सांगितलेल्या सुरक्षित जागी ठेवा. ज्या सिलिंडरची पाळी त्याचे सगळे वॉल बंद होतील असा कॅम फिरवा, म्हणजे त्या सिलिंडरच्या कॅमची नाकं (वॉल दाबणारे उंचवटे) टॅपेटपासून दूर. गाडी जमिनीवर, वरच्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. आता प्लगच्या (डिझेलला ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या) भोकातून दीड ते दोन बार हवा सोडा आणि कान लावा.

थ्रॉटल बॉडीतून फुसफुस आली तर इनटेक वॉल. सायलेन्सरच्या नळीतून आली तर एक्झॉस्ट. ऑइलच्या दांडीतून आली तर रिंग किंवा पिस्टन. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा भेगाळलेलं हेड. कार्बनमुळे होणारी गळती बारीक असते, वाकलेला वॉल हवा अजिबात धरत नाही. दोन्हींतला फरक ऐकताच कळतो.

इशारा: हवा सोडताना क्रँक बोल्टवर पाना राहिलेला नको. दोन बारची हवासुद्धा पिस्टनला सत्तर-ऐंशी किलोच्या जोराने ढकलते. गिअर निसटला तर पाना हात मोडेल. जुने ग्लो प्लगही घाईने ओढू नका. ते हेडमध्ये तुटले तर हेड उतरवावंच लागतं. भेदक तेल रात्रभर मुरू द्या.

*कॅमेरा.* पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराचे चकचकीत ठसे दिसले तर वॉल आदळलेत. हलका ठसा म्हणजे पिस्टन गेला असं नाही. भेग, कडेचा उडालेला तुकडा किंवा रिंगच्या खोबणीपर्यंत गेलेली खोक म्हणजे पिस्टन गेला. साधा ५.५ मि.मी. कॅमेरा ग्लो प्लगच्या भोकातून बहुधा जात नाही, त्यासाठी इंजेक्टर काढावा लागतो.

नव्या बेल्टवर कॉम्प्रेशन तपासायचं असेलच, तर आधी टायमिंग जुळवून इंजिन पान्याने हातानेच पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडलं तर सेल्फ नाही. पेट्रोलमध्ये सगळे प्लग काढून, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण ११ ते १४ बार दाखवतं, डिझेल वीसच्या पुढे. सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. एखाद्यात आकडा शून्याजवळ असेल तर चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. तरीही वाढला नाही तर रिंग नाही, वॉल.

चांगलं कॉम्प्रेशन मिळालं म्हणून निर्धास्त होऊ नका. किंचित वाकलेला वॉल सीटवर बसतो, कॉम्प्रेशनही देतो आणि काही हजार किलोमीटरनंतर डोक्याजवळ तुटतो. कॅमेऱ्यात आदळल्याचा ठसा दिसला असेल तर गेज काहीही म्हणो, हेड उतरवा.

७. हेड उतरवताना

इंजिन पूर्ण थंड हवं. कूलंट काढा. हेड बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. कसताना याच्या उलट, मध्यापासून कडेकडे. मध्यापासून सोडलं तर हेड बाक धरतं आणि मग दोष ‘ओव्हरहीट’ला दिला जातो. ताणून बसवायचे बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचे नसतात.

हेड पालथं ठेवू नका. वॉल खाली आलेले असतात, आणि जे वाचलेत तेही वाकतील. दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा. रॉकर, टॅपेट, शिम ज्या सिलिंडरचे त्याच क्रमाने पुठ्ठ्यात भोकं पाडून खोचा. डिझेलचं जुनं गॅस्केट जपा. अनेक इंजिनांत त्याच्या कडेवरच्या खाचा किंवा भोकं जाडी सांगतात, आणि नवं त्याच जाडीचं लागतं.

८. हेडची तपासणी

कम्बशनची बाजू वर करून, प्लग लावून, प्रत्येक खळग्यात रॉकेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. ज्या पोर्टमधून ठिबकेल तिथला वॉल संशयित. मग वॉल काढून जाड काचेवर दांडा गडगडत सोडा. डोकं डोलताना दिसलं की वॉल बाद. मशीन शॉपमध्ये डायल गेजवर ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त डोलला तरी बाद.

‘वॉल सरळ करून देतो’ म्हणणारा भेटला तर हेड उचला आणि बाहेर पडा. वाकून सरळ केलेल्या पोलादात तडा राहू शकतो.

वॉलपेक्षा जास्त दुर्लक्ष होतं गाइडकडे, म्हणजे वॉलचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीकडे. वॉल वाकताना गाइडच्या खालच्या तोंडाला चीर पाडतो किंवा ते अंडाकृती करतो. नवा वॉल घालून डुलवून पाहा. जुन्या गाइडमध्ये नवे वॉल टाकले तर दोन-तीन महिन्यांत ऑइल जळायला लागतं. सीट, कॅमच्या कॅप, टॅपेटच्या वाट्या आणि कॅमच्या नाकांवरच्या भेगाही तपासा.

हेडच्या पृष्ठभागावर सरळपट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून ०.०५ मि.मी.ची पत्ती सरकवा. सरकत नसेल तर फेसिंगची (पृष्ठभाग घासून सपाट करण्याची) गरज नाही. ‘आलंच आहे तर घासून घेऊ’ हे डिझेलमध्ये महागात पडतं. हेड बारीक झालं की वॉल पिस्टनच्या आणखी जवळ येतात, आणि काही कंपन्या डिझेल हेड घासायला मनाईच करतात. पुण्यात भोसरी एमआयडीसीत हेडची मशीन शॉप आहेत. तिथे देताना कागदावर लिहून द्या: प्रेशर टेस्ट, गाइड, सीट, आणि ‘विचारल्याशिवाय फेसिंग नाही’.

९. खालचा भाग

हेड टेबलावर असताना ब्लॉककडे पाहण्याची हीच वेळ.

प्रत्येक पिस्टन टॉपला आणून ब्लॉकच्या पृष्ठभागापासून त्याची उंची डायल गेजने मोजा. सगळे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादा पिस्टन इतरांपेक्षा ०.१ मि.मी. किंवा त्याहून खाली असेल तर रॉड वाकल्याचा संशय धरा आणि तो रॉड काढून मोजा. मग प्रत्येक सिलिंडरची भिंत टॉर्चने पाहा. नखाला लागणारा ओरखडा असेल तर निव्वळ वॉलचं काम पुरणार नाही. वॉलचं डोकं तुटून पडलेलं असेल तर पिस्टन बदलायचाच, आणि तुकडे शेजारच्या सिलिंडरमध्ये गेलेत का तेही पाहायचं. इनटेक मॅनिफोल्डमधून ते सहज प्रवास करतात.

१०. काम द्यायचं की गाडी द्यायची

गॅरेजकडून एकरकमी आकडा घेऊ नका. दोन टप्प्यांचा लेखी अंदाज घ्या: हेड उघडून निदान करण्यापर्यंतचा एक, आणि निदानानंतरचा दुसरा. पुण्याच्या नाना पेठेत पार्टचे भाव विचारायला जाताना गाडीचं नाव पुरत नाही. इंजिन नंबर आणि जुन्या भागावरचा पार्ट नंबर न्या, एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन तऱ्हेची इंजिनं आलेली असतात.

फक्त वॉल आणि गाइड: हेडचं काम करा. एखादा पिस्टन किंवा रॉड: अजूनही करण्यासारखं. दोन-तीन पिस्टन, ओरखडलेल्या भिंती आणि फुटलेलं हेड: वापरलेल्या इंजिनाचा विचार करा, पण आरसीवर इंजिन नंबर बदलून घेण्याची आरटीओची प्रक्रिया त्यात धरा. त्याशिवाय गाडी पुढे विकताना अडचण येते. नेहमीच्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, त्यामुळे क्लेमवर हिशेब बांधू नका.

बेल्ट तुटलेलीच गाडी स्वस्तात विकत घेत असाल तर ‘फक्त बेल्टच आहे’ हे ऐकून घ्या आणि भाव हेडचं काम धरून ठरवा. विकणारा हवेची तपासणी करू देत नसेल तर पिस्टनही धरा.

११. जोडणीतल्या चुका

फक्त बेल्ट घेऊ नका, पूर्ण किट घ्या: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, आणि पंप बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपही. कॅम आणि क्रँकची सीलं याच वेळी. काही इंजिनांत क्रँकच्या पुलीला चावी (पुली सरकू न देणारी खुंटी) नसते, बोल्टच्या ताकदीवरच ती टिकून राहते. तिथे जुना बोल्ट किंवा अंदाजे कसलेला बोल्ट म्हणजे टायमिंग पुन्हा सरकणार. बेल्ट दुमडू नका, उलटा पीळ देऊ नका, तेलकट हाताने धरू नका. पुलीवर स्क्रू ड्रायव्हरने ढकलून चढवू नका.

लॉक पिना काढा, पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि पिना पुन्हा सहज बसतात का पाहा. एका दात्याचाही फरक असेल तर सगळं सोडून पुन्हा जुळवा.

पहिल्या स्टार्टआधी पेट्रोलमध्ये इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडून सेल्फ फिरवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. मग कनेक्टर लावून सुरू करा, हवा निघून जाईपर्यंत कूलंट भरत राहा, आणि फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत गाडी जागची हलवू नका. थंड झाल्यावर बेल्टचं कव्हर लावण्याआधी सीलांच्या कडेने कोरडा कागद फिरवा. त्यावर तेलाचा ठिपका दिसला तर कव्हर बसवू नका.